तेलाच्या टाकीचा व्हेंट पाइप किती इंची असावा?

गेवराईकडच्या एका फॅब्रिकेटर बांधवाने मागच्या महिन्यात आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. डांबर प्लँटच्या एका ठेकेदाराने त्यांना चार हजार लिटरची तेलाची टाकी सांगितली होती. पत्र्याची जाडी ठरली, अँगल ठरला, भाव ठरला, ॲडव्हान्सही मिळाला. राहिला तो व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतली हवा येण्या-जाण्याची नळी. "दुकानात अर्ध्या इंचाचा तुकडा पडून आहे, तो लावला तर चालेल ना?" एवढेच त्यांना हवे होते.

उत्तर आम्ही त्यांना त्याच दिवशी दिले. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. बीड, माजलगाव, धारूर, अंबाजोगाई, परळी कुठेही जा, जिनिंगच्या जनरेटरची टाकी, बेकरीच्या बर्नरची टाकी, डांबर प्लँटची टाकी आपल्याच कारागिरांच्या हातची असते. वेल्डिंग चांगले असते, रंग चांगला असतो. व्हेंट मात्र भंगारात जो तुकडा सापडेल त्या मापाचा. ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो.

बरीच वर्षे झाली. आमच्या वर्कशॉपात अशीच चार हजार लिटरची चौकोनी टाकी बनवली होती. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर उंच. त्यात लाइट डिझेल ऑइल, म्हणजे एल.डी.ओ., ठेवायचे होते. ठेकेदार बॅरल आणायचा, मॅनहोलचे झाकण उघडून हातपंपाने तेल टाकीत उतरवायचा. व्हेंट अर्ध्या इंचाचा होता आणि दोन वर्षे कुणाची काही तक्रार नव्हती. मग काम वाढले, तेल टँकरने येऊ लागले. टँकरवाल्याने सांगितले, कपलिंग लावून घ्या, झाकण गॅस्केट टाकून पक्के आवळा, तेल सांडणार नाही, धूळ जाणार नाही. सल्ला योग्यच होता. पहिल्याच भरणीत टाकीची बाजू ढोलासारखी फुगली आणि कोपऱ्याची शिलाई वरून खाली उसवत गेली. पंप बंद करेपर्यंत सातशे लिटर तेल मुरमात गेले.

ठेकेदार आम्हाला म्हणाला, "उस्ताद, टाकी तुमची, तेल माझं. आता सांगा, भरून कुणी द्यायचं?" आम्ही म्हणालो, "शेठ, वेल्डिंग बघा, कुठे कच्चं आहे?" वेल्डिंग कुठेच कच्चे नव्हते. पण तेल आम्हालाच भरून द्यावे लागले आणि टाकी फुकट नवी करून द्यावी लागली. चूक वेल्डिंगची नव्हती, मापाची होती, हे कळायला आम्हाला आणखी काही दिवस लागले.

आता ती चूक समजून घेऊ. आपण ज्या टाकीला रिकामी म्हणतो ती रिकामी नसते, हवेने भरलेली असते. आत एक लिटर तेल गेले की एक लिटर हवा बाहेर पडलीच पाहिजे. पंप मिनिटाला पाचशे लिटर ढकलत असेल तर मिनिटाला पाचशे लिटर हवेला वाट हवी. वाट अरुंद असली तर हवा आत कोंडते आणि टाकीच्या सगळ्या बाजू दाबू लागते. तेल काढताना याच्या उलट. जेवढे तेल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर आत पोकळी होते आणि बाहेरची हवा पत्रा आत ढकलते. म्हणजे व्हेंटचे माप ठरते ते तेल किती वेगाने येते-जाते यावर. टाकी किती मोठी हा त्यानंतरचा प्रश्न. दोन हजारांची टाकी टँकरच्या पंपाने भरत असाल तर तिला हातपंपाने भरणाऱ्या दहा हजारांच्या टाकीपेक्षा मोठा व्हेंट लागेल.

बॅरल आणि हातपंपाच्या काळात हे कुणाच्या लक्षात आले नाही, याला दोन कारणे. एक, हातपंप मिनिटाला तीस-चाळीस लिटरच देतो. दुसरे कारण आणखी महत्त्वाचे आहे. मॅनहोलचे झाकण उघडेच असायचे, म्हणून हवा तिथून निघून जायची. व्हेंट असला काय, नसला काय, सारखेच. ज्या दिवशी झाकण आवळले त्या दिवशी व्हेंट ही एकच वाट उरली. आज टँकर लहान गिऱ्हाइकांच्या दारातही येऊ लागले आहेत. मार्च २०१८ मध्ये इंडियन ऑइलने पुण्यात डिझेल जागेवर नेऊन देण्याची सेवा सुरू केली, त्यानंतर ही पद्धत गावोगाव पसरत गेली. मीटर लावलेली ती छोटी गाडी तेल हळू देते, तिच्यापासून फारशी भीती नाही. भीती आहे ती मोठ्या टँकरची, जो जुन्या, बॅरलसाठी बनवलेल्या टाकीला कपलिंग लावून दहा मिनिटांत मोकळा व्हायला बघतो.

आता थोडे आकडे पाहू. आकड्यांना घाबरू नये, नफा-तोट्याच्या हिशेबापेक्षा हे सोपे आहेत. व्हेंट पाइप पाच मीटर लांब आणि त्याला दोन बेंड आहेत असे धरू. भरणी मिनिटाला चाळीस लिटर असेल तर अर्ध्या इंचाच्या पाइपात हवा अडून टाकीत जो दाब येतो तो आठ मिलिमीटर पाण्याइतका, म्हणजे उभ्या नळीतले पाणी आठ मिलिमीटर वर चढेल एवढाच. हा काहीच नाही. पण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि तिप्पट झाला की नऊपट. चाळीसवरून पाचशे लिटर म्हणजे साडेबारा पट वेग. साडेबाराला साडेबाराने गुणा, दीडशेच्या वर जाते. आठ मिलिमीटरचे सव्वा मीटर झाले.

सव्वा मीटर पाणी ऐकायला फार वाटत नाही. पण दाब चौरस सेंटिमीटरवर मोजतात आणि आपल्या टाकीची लांब बाजू दोन मीटर गुणिले एक मीटर, म्हणजे वीस हजार चौरस सेंटिमीटर आहे. हिशेब केला तर त्या एका बाजूवर अडीच टन भार येतो, आणि तेलाचा स्वतःचा भार वेगळा. चपट्या पत्र्यावर अडीच टन! आमची टाकी उसवली यात नवल काय?

आता तीच टाकी, तोच पाचशे लिटरचा पंप, फक्त पाइप बदलून बघा. एक इंची पाइपाला दाब शंभर मिलिमीटरच्या आसपास येतो, बाजूवर दोनशे किलोच्या वर भार. सव्वा इंचीला पंचवीस-तीस मिलिमीटर. दीड इंचीला चौदा मिलिमीटर, भार तीस किलोच्या आत. आणि दोन इंचीला अवघे पाच मिलिमीटर, म्हणजे बाजूवर दहा किलो. एक इंचीवरून दोन इंचीवर गेलो, पाइप दुप्पट झाला आणि दाब वीस पटीने उतरला. दोन इंची जी.आय. पाइपाचा पाच मीटरचा तुकडा आणि अर्ध्या इंचाचा तुकडा यांच्या किमतीतला फरक शंभर लिटर तेलाच्या किमतीपुढेही काही नाही, हे कुठल्याही व्यापाऱ्याला सांगावे लागू नये.

आम्ही स्वतः जो नियम पाळतो तो असा. भरण पाइप ज्या मापाचा, व्हेंट त्याहून लहान कधीच नाही. सव्वा इंचाखाली तर कोणत्याही टाकीला नाही. टँकरच्या पंपाने भरणी होणार असेल तर सरळ दोन इंची. हा काही आमच्या मनचा शोध नव्हे. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमावलीतही हेच तत्त्व आहे, की भरण्याच्या किंवा काढण्याच्या पाइपापैकी जो मोठा असेल त्याहून व्हेंट लहान नसावा आणि सव्वा इंचाच्या खाली तर नसावाच. तिकडच्या तक्त्यात साधारण अकरा हजार ते अडतीस हजार लिटरच्या टाकीला दोन इंची, त्यापुढे शहात्तर हजारांपर्यंत अडीच इंची आणि एक लाख बत्तीस हजारांपर्यंत तीन इंची व्हेंट दिला आहे. पंपाचा वेग माहीत नसेल तर हा तक्ता उपयोगी पडतो. माहीत असेल तर वेगावरूनच ठरवावे. मिनिटाला हजार लिटरची भरणी असेल तर दोन इंचीतला दाबही चौपट होतो, तिथे अडीच किंवा तीन इंची घालावा.

तेल कंपन्यांच्या डेपोतील, मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या ठिकाणच्या, उभ्या गोल टाक्यांचा हिशेब वेगळा असतो. त्यांच्यासाठी आय.एस. ८०३ हे भारतीय मानक आहे. आडव्या गोल टाक्यांसाठी आय.एस. १०९८७ आहे. ज्यांना मोठी कामे घ्यायची आहेत त्यांनी हे दुसरे मानक मागवून वाचावे.

माप बरोबर असूनही व्हेंट निकामी होतो तो जाळीमुळे. पेट्रोल, डिझेलच्या व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळीचे दोन थर लावतात, सेंटिमीटरला अकरा घरांपेक्षा कमी नाहीत असे. बाहेरची ठिणगी आत जाऊ नये हा हेतू. पण हिशेब करा. तार पाव मिलिमीटर जाडीची असली तरी अशा जाळीत मोकळी जागा जेमतेम निम्मी उरते. दुसऱ्या थराची घरे पहिल्याच्या घरांवर बरोबर येत नाहीत, म्हणजे आणखी कमी. म्हणून जाळी पाइपाच्या तोंडावर सपाट ताणून बसवू नये. पाइपापेक्षा बरीच मोठी टोपी करून तिच्या चहूबाजूंनी जाळी घ्यावी आणि वर पावसासाठी झाकण. फर्नेस ऑइलच्या टाकीला बारीक जाळी नकोच. ते तेल जाड, त्याचा चिकट अंश जाळीवर बसतो आणि ती कायमची बुजते. तिथे तोंड खाली वळवून पक्षी जाणार नाहीत एवढी मोठ्या घरांची जाळी पुरते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक शत्रू आहे, कापूस. हंगामात जिनिंगच्या आवारात तंतू उडतात आणि जनरेटरच्या टाकीच्या जाळीवर त्यांची गादी तयार होते. वरून पावसाने ती भिजली की हवा बंद. कुंभारीण माशी पाइपाच्या तोंडात मातीचे घर करते ते वेगळेच. एकदा तर रंगाऱ्याने टाकीबरोबर जाळीलाही ऑइल पेंटचे दोन हात मारलेले आम्ही पाहिले आहेत. काम सफाईदार होते, यात शंका नाही!

व्हेंट पूर्ण बुजला तर पंप चालवायचीही गरज नाही, टाकी आपोआप चेपते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा तापतो, आतली हवा पन्नास अंशांवर जाते. संध्याकाळी अवकाळी पावसाची सर येते आणि हवा तीस अंशांवर उतरते. हवा सहा टक्क्यांनी आकसते. बाहेरून हवा आत येऊ शकली नाही तर ही तूट पोकळीत बदलते आणि आपल्या त्याच दोन मीटरच्या बाजूवर बाहेरून एक टनाच्या वर भार येतो. अर्थात तेवढा भार येण्याआधीच पत्रा आत जातो. सकाळी मालक येऊन विचारतो, रात्री ट्रकने धडक दिली का?

पाइप बसवताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. व्हेंट टाकीच्या छताला सर्वांत उंच जागी घ्यावा आणि त्याचे आतले टोक छताच्या पातळीतच ठेवावे, फार तर एक इंच आत. आम्ही चार-चार इंच आत लोंबणारे पाइप पाहिले आहेत. तेल त्या टोकापर्यंत चढले की हवेचा रस्ता बंद आणि पंप चालूच. पाइपाला सर्वत्र टाकीकडे उतार हवा. मध्ये कुठे झोळ राहिला तर त्यात तेल साचते, आणि फर्नेस ऑइल डिसेंबरच्या थंडीत तिथेच घट्ट बसते. पाइपाचे तोंड छपराबाहेर, बर्नर, खिडकी, स्टार्टर यांपासून दूर असावे. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचा व्हेंट चार मीटर उंच नेतात, तो वाफ डोक्यावरून निघून जावी म्हणून. आपल्या चपट्या पत्र्याच्या टाकीला विनाकारण एवढी उंची देऊ नये. टाकी चुकून जास्त भरली तर तेल व्हेंटमध्ये चढते आणि चार मीटर तेलाचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तीनशे ग्रॅमच्या वर पडतो. आपल्या टाकीच्या एका बाजूला हे सहा टनांच्या पुढे जाते.

यावरून आठवले. व्हेंट हा जास्तीचे तेल सांडण्याचा मार्ग नाही. इंग्लंडमधील बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ रोजी पातळी दाखवणारे यंत्र अडकले, टाकी भरून गेली तरी पेट्रोल येतच राहिले आणि ते छताच्या व्हेंटमधून बाहेर पडू लागले. पुढे त्याच्या वाफेचा प्रचंड स्फोट झाला. टाकीला डिप रॉड किंवा लेव्हल ट्यूब असावीच आणि भरणीच्या वेळी तिथे माणूस उभा असावा. अमेरिकेच्या थंड ईशान्य भागात घर तापवण्यासाठी तळघरात तेलाच्या टाक्या असतात. तिथे व्हेंटमध्ये एक शिट्टी बसवतात. भरताना हवा निघते तोवर ती वाजते. वाजायची थांबली की टँकरवाला तेल बंद करतो. शिट्टी मुळीच वाजली नाही तर तो भरायला सुरुवातच करत नाही, कारण व्हेंट बुजलेला असणार. युक्ती छान आहे, आपल्याकडे कुणी करून पाहायला हरकत नाही.

तुमची जुनी टाकी सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या. तिचे एक टोक टाकीच्या वरच्या, हवेच्या भागातल्या एखाद्या निपलला घट्ट बसवा. नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन त्यात रंगीत पाणी भरा, दुसरे टोक मोकळे ठेवा. भरणी सुरू झाली की दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक पडेल. तो एक इंचाच्या आत राहिला तर व्हेंट ठीक. जास्त झाला तर पंप हळू करा आणि व्हेंट बदलायचे ठरवा. हीच कसोटी तेल काढतानाही घ्यावी.

आणि इथे सर्वांत मोठी सूचना. व्हेंट बदलायचा म्हणून तेल ठेवलेल्या टाकीला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावू नका. "डिझेल आहे, पेट्रोल थोडंच आहे" हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. डिझेल थंड असताना सहजी पेटत नाही हे खरे. पण कटरच्या उष्णतेने सांध्यात, गंजात मुरलेल्या तेलाची वाफ होते आणि बंद टाकीत ती वाफ बॉम्बसारखी फुटते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण वाफेला हवा मिळते. नुसते पाण्याने धुणे पुरत नाही. मग करायचे काय? मॅनहोलचे झाकण नट खोलून काढा, टाकीपासून लांब वर्कशॉपात न्या, स्वच्छ करा, तिथे त्याला भोक पाडून दोन इंची सॉकेट जोडा आणि झाकण पुन्हा बोल्टने आवळा. टाकीला ठिणगीचा स्पर्शही होत नाही. मॅनहोलच्या फ्लँजसाठी एक जाड लोखंडी पत्रा तात्पुरता कापून ठेवावा, म्हणजे मधल्या वेळेत टाकी उघडी राहत नाही.

कायद्याचेही दोन शब्द. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे आणि परवाने देणाऱ्या खात्याचे, म्हणजे पेसोचे, मुख्य कार्यालय नागपूरला आहे. डिझेल 'ब' वर्गात येते. एका जागी एकूण अडीच हजार लिटरपर्यंत आणि कोणतेही एक भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नसेल तर परवाना लागत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने डिझेलसाठी दोन हजारांची एक टाकी मागितली तर त्याला परवान्याचे विचारा. फर्नेस ऑइल आणि एल.डी.ओ. 'क' वर्गात येतात, तिथे ही मर्यादा पंचेचाळीस हजार लिटर आहे. अनेक कारागीर हे न विचारता टाकी देतात आणि पुढे अपघात झाला की बिलावरचे नाव प्रथम वाचले जाते.

म्हणून आम्ही आता कोटेशनमध्येच एक ओळ लिहितो, "भरणी मिनिटाला ५०० लिटरपर्यंत, व्हेंट २ इंच, भरताना व्हेंट मोकळा असल्याची खात्री करावी." तीच ओळ भरण पाइपाच्या बाजूला रंगाने टाकीवर लिहितो. टँकरचा ड्रायव्हर आणि क्लीनर कोटेशन वाचत नाहीत, टाकी वाचतात.

गेवराईच्या त्या बांधवाला आम्ही एवढेच विचारले होते, तेल कशाने येणार? ठेकेदाराला विचारून त्यांनी कळवले, टँकरने, तीन इंची होजने, आणि कपलिंग भरण पाइपाला दोन इंची आहे. आम्ही सांगितले, व्हेंट दोन इंची, एकच बेंड, तोंड खाली, मोठ्या घरांची जाळी. ते म्हणाले, "तो अर्ध्या इंचाचा तुकडा मग कशाला वापरू?" त्याला खाली ड्रेनचा कॉक बसवा म्हटले, टाकीच्या तळाचे पाणी काढायला तेवढा पुरतो.